दोन सेंटिमीटर पाणी

कोल्हापूर पाणी फुटांत मोजतं. जुलैची झड लागली की सकाळी दाराशी आलेल्या दूधवाल्यालाही पहिला प्रश्न दुधाचा विचारला जात नाही. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट, हाच विचारला जातो. 39 फुटांवर इशारा, 43 वर धोका. 2019 आणि 2021 या दोन सालांत पंचगंगेने हे दोन्ही आकडे मागे टाकले आणि ती पन्नास फुटांच्याही वर चढून पेठांच्या दारांत आली. पाणी असं थोराड मापाने ओळखणाऱ्या या गावच्या एका पोराच्या आयुष्याचा हिशेब मात्र सेकंदाच्या शंभराव्या भागात मांडला गेला.

वीरधवल खाडे. जन्म 29 ऑगस्ट 1991, कोल्हापूर.

हे लिहिणं शोकाचं आहे, ते आधीच सांगून ठेवतो. माणूस सुखरूप आहे, तरुण आहे, त्याला उदंड आयुष्य लाभो. पण खेळाडूला दोन आयुष्यं मिळतात आणि त्यातलं पहिलं ऐन तारुण्यातच आटोपतं. ते आटोपतं तेव्हा कुणी सुतक पाळत नाही, दिवस घालत नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘निवृत्ती’ असा मथळा येतो, दुसऱ्या दिवशी त्या पानात कुणीतरी भाजी बांधून नेतं. कोल्हापूरच्या या जलतरणपटूचं ते पहिलं आयुष्य 2023 साली संपलं. त्याच्यासाठी गावाने जेवढं हळहळायला हवं होतं तेवढं आपण हळहळलो नाही, असं मला फार वाटतं.

पोहणं या मातीला नवं नाही. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेली पोरं, पंचगंगेच्या घाटावरून सूर मारणारी, मुटका मारून पायरीवर बसलेल्यांना नखशिखान्त भिजवणारी पोरं इथे पिढ्यान् पिढ्या आहेत. पुराच्या पाण्यात उडी टाकून पलीकडचा काठ गाठणाऱ्यांच्या गोष्टी प्रत्येक तालमीत आहेत. ‘पट्टीचा पोहणारा’ म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे येतो तो दमसासाचा गडी. प्रवाहाशी झुंजणारा, तासन् तास न थकणारा. पन्नास मीटर पाणी बावीस-तेवीस सेकंदांत कापून भिंतीला हात लावणं, एवढ्याचसाठी उभं तारुण्य खर्ची घालणं, हे मात्र आमच्या घाटाला माहीत नव्हतं. धावण्यात शंभर मीटरवाल्याला जी जागा, ती जलतरणात पन्नास मीटर फ्रीस्टाइलवाल्याला. सगळ्यांत वेगवान कोण, याचं उत्तर तिथे मिळतं. ते उत्तर बरीच वर्षं भारतात कोल्हापूरचं होतं.

या शर्यतीकडे जवळून पाहायला हवं. आठजण ठोकळ्यांवर वाकलेले. शिटी, मग आदेश, मग अशी शांतता की पाण्याच्या गाळणीचा आवाज ऐकू यावा. बिगुल वाजला की अर्धा-पाऊण सेकंदाच्या आत पाय ठोकळ्यावरून सुटलेले असावे लागतात. शरीर ताणलेल्या तारेसारखं हवेत जातं आणि शक्यतो एकाच छिद्रातून पाण्यात शिरतं. पाण्याखाली दोन्ही पाय जोडून माशासारखे फटके. पंधरा मीटरच्या आत डोकं वर आलंच पाहिजे, हा नियम. मग हात. डावा, उजवा, डावा, उजवा. श्वास घ्यायला मान वळवली तर तेवढा वेग गेला, म्हणून बरेच जण अख्खी लांबी एका श्वासात किंवा जेमतेम एखादा श्वास घेऊन संपवतात. शेवटचे पाच मीटर सगळ्यांत अवघड. छातीत आग पेटलेली, दंड शिशाचे झालेले, आणि त्या अवस्थेत ठरवायचं की आणखी एक हात मारायचा की आहे तो हात लांबवून भिंत गाठायची. ठरवायलाही वेळ नसतो. हजारो पहाटेंच्या सरावात ते आधीच ठरलेलं असावं लागतं. भिंतीवरच्या पट्टीवर बोटं दाबली जातात आणि वर फलकावर आकडे थांबतात. कुस्तीत पंच असतो, त्याच्याशी हुज्जत घालता येते. इथे हुज्जत कुणाशी घालणार?

या खेळाने वीरधवलला बीजिंगला नेलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. 2008 चं ऑलिंपिक. सोबत संदीप सेजवाल, रेहान पोंचा आणि अंकुर पोसेरिया. बंगळुरूला निहार अमीन यांच्याकडे घोटून घेतलेलं अंग, आणि समोर ते निळ्या बुडबुड्यांच्या भिंतींचं ‘वॉटर क्यूब’. 50, 100 आणि 200 मीटर अशा फ्रीस्टाइलच्या तिन्ही शर्यती तो पोहला. पदकाचा प्रश्नच नव्हता, भारताच्या जलतरणाला ऑलिंपिकमध्ये आजवर ते मिळालेलं नाही. पण ज्या वयात आमची पोरं अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत असतात, त्या वयात तो सेझार सिएलोच्या पाण्यात होता. सिएलोने त्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर 21.30 सेकंदांत जिंकलं. त्याच तलावात 16 ऑगस्टला मायकेल फेल्प्सने शंभर मीटर बटरफ्लाय जिंकली. फेल्प्स 50.58, सर्बियाचा मिलोराद चाविच 50.59. जगाने त्या दिवशी डोळे विस्फारून पाहिलं की एक शतांश सेकंद म्हणजे काय असतं. कोल्हापूरच्या पोराला ते कळायला अजून दहा वर्षं होती.

पुढची दोन वर्षं चढणीची होती. पुण्यात बालेवाडीला 2008 च्याच ऑक्टोबरात राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, तिथेही तो होता. शरीर भरत होतं, वेळ कमी होत होता. त्या काळात जगभर अंगाला घट्ट बसणारे, पाण्यावर तरंगवणारे पोशाख आले होते आणि विक्रमांचा नुसता पाऊस पडत होता. 2010 च्या जानेवारीपासून त्यांच्यावर बंदी आली. अनेकांचे वेळ त्या पोशाखांबरोबर गेले. वीरधवल मात्र त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये 24.31 सेकंदांत तिसरा आला. कांस्य. आशियाई स्पर्धांत भारताला जलतरणाचं पदक मिळायला चोवीस वर्षं लागली होती. त्याआधीचं 1986 ला सोलमध्ये खजानसिंग टोकस यांनी आणलेलं. आणि पहिलं सुवर्ण शोधायला गेलं तर थेट 1951 ची दिल्ली, शंभर मीटर फ्रीस्टाइल, सचिन नाग. एवढ्या लांबलांब ठेवलेल्या दिव्यांच्या रांगेत एक दिवा रंकाळ्याच्या गावचा लागला. वय एकोणीस.

2011 ला अर्जुन पुरस्कार मिळाला, राज्य शासनाने त्याला तहसीलदार केलं.

इथे मला थांबायचं आहे. कारण या गोष्टीत खलनायक शोधणं सोपं आहे आणि ते खोटं ठरेल. शासनाने अपमान केला नाही, सन्मानच केला. खेळाडूला पोट असतं, घर असतं, म्हातारपण असतं, हे कुणीतरी ओळखलं. महाराष्ट्रात नोकरभरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत आणि मोठ्या यशानंतर थेट नेमणुकाही मिळतात, त्या मिळाल्याच पाहिजेत. कोल्हापूरच्या आईबापांना विचारा, पोराच्या नावापुढे ‘तहसीलदार’ लागणं म्हणजे काय असतं ते. गल्लीत पेढे वाटले जातात.

पण तहसीलदाराच्या खुर्चीला सुट्टी नसते. सातबारा, फेरफार, दाखले, पंचनामे, वाळूच्या गाड्या, निवडणुकीची कामं, साहेबांचे दौरे, गावकीचे वाद. पाऊस जास्त झाला तरी तहसीलदार, कमी झाला तरी तहसीलदार. आणि वेगाने पोहणाऱ्याचं शरीर रोज दोनदा पाण्यात उतरवावं लागतं. चार दिवस खंड पडला की हाताला पाणी लागेनासं होतं, तळव्यातून निसटतं, हे कुठल्याही स्पर्धक जलतरणपटूला विचारा. शिवाय जिममधली ताकद, झोप, आहार, मालीश, प्रशिक्षकाचा डोळा, शेजारच्या रांगेत तुमच्याएवढाच वेगवान कुणीतरी. यातलं काहीही कार्यालयीन वेळेनंतर उरलेल्या दोन तासांत मावत नाही.

तो काही काळ मालवणचा तहसीलदार होता. समोर अरबी समुद्र, पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला. नकाशावर पाहणाऱ्याला वाटेल, पोहणाऱ्याला याहून चांगली नेमणूक कोणती? पण समुद्र हा लांब पल्ल्याच्या माणसाचा. पन्नास मीटरवाल्याला हवा असतो बांधलेला, मोजलेला, स्थिर तलाव. ठोकळा, रांगा, भिंत, घड्याळ. इतक्या पाण्याच्या काठी बसून वाळूउपशाच्या फायली पाहणाऱ्या देशातल्या सर्वांत वेगवान पोहणाऱ्याचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. फायलीही महत्त्वाच्याच होत्या, कुणीतरी त्या पाहायलाच हव्यात. त्यानेच का पाहाव्यात, एवढंच कळत नाही.

लंडन 2012 गेलं. तो वीस वर्षांचा होता. इंचॉन 2014 गेलं. तिथे पन्नास मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं कांस्य मिळवलं संदीप सेजवालने, बीजिंगच्या त्याच चौघांतल्या एकाने. ती बातमी वाचताना तेविशीतल्या एका अधिकाऱ्याच्या मनात काय झालं असेल, याची कल्पना करणंही मला अगोचरपणाचं वाटतं. रिओ 2016 गेलं. वीस ते पंचवीस. वेगाच्या खेळात एवढीच वर्षं सोन्याची असतात. शेतीत एक हंगाम हुकला तर पुढचा येतो. शरीराच्या या हंगामाला पुढचा नसतो.

तरीही तो परतला. रिओमध्येच अमेरिकेच्या अँथनी अर्विनने पस्तिसाव्या वर्षी पन्नास मीटरचं सुवर्ण मिळवलं होतं. 2000 साली सिडनीत एक सुवर्ण, मग तरुणपणीच खेळाला रामराम, मग काही वर्षांनी पुनरागमन आणि सोळा वर्षांनी पुन्हा तेच सुवर्ण, 21.40, दुसऱ्याचा वेळ 21.41. पुन्हा तोच एक शतांश. म्हणजे परतता येतं, असं पाणी सांगत होतं.

21 ऑगस्ट 2018, जकार्ता. आशियाई स्पर्धा, पन्नास मीटर फ्रीस्टाइल. सकाळच्या प्राथमिक फेरीत वीरधवलने 22.43 सेकंद वेळ दिला आणि नऊ वर्षांपूर्वीचा स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला. नऊ वर्षं! त्या नऊ वर्षांत देशात त्याच्यापुढे कुणी गेलं नव्हतं, आणि तो स्वतः त्यातली बरीच वर्षं तलावाबाहेर होता. एवढ्या एका गोष्टीवरून समजावं की काय होतं आणि काय होऊ शकलं असतं. संध्याकाळी अंतिम फेरी. चीनचा यू हेशिन पहिला, जपानचा कात्सुमी नाकामुरा दुसरा. तिसरा जपानचाच शुनिची नाकाओ, 22.46. चौथा वीरधवल खाडे, 22.47.

एक शतांश सेकंद. त्याच्या वेगाने हिशेब केला तर सव्वादोन सेंटिमीटरही भरत नाही. करंगळीच्या शेवटच्या पेराएवढं पाणी. सकाळी स्वतःच दिलेला वेळ संध्याकाळी पुन्हा दिला असता तर गळ्यात कांस्य होतं. तेवढंच पाणी दोघांच्या मध्ये राहिलं.

जलतरणाने याहून बारीक मोजूनही पाहिलं आहे. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर वैयक्तिक मेडलेत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी शतांशापर्यंत बरोबरीत आले. मग सहस्रांश काढले आणि दोन सहस्रांशांनी लार्सनला सुवर्ण दिलं. नंतर लोकांच्या लक्षात आलं, की तेवढ्या वेळात पोहणारा तीनेक मिलिमीटर जातो, आणि तलावाची भिंत काही इतकी नेमकी बांधता येत नाही. एकाची रांग दुसऱ्याच्या रांगेपेक्षा तेवढी लांब असूही शकते. म्हणून नियम बदलला. आता शतांशाखाली मोजत नाहीत. बरोबरी झाली तर दोघांना पदक. अर्विनचं सिडनीतलं सुवर्ण असंच गॅरी हॉलसोबत वाटून मिळालेलं. म्हणजे माणसाने ठरवलेल्या न्यायाची सर्वांत बारीक रेघ एक शतांश आहे, आणि आमचा पोरगा नेमका त्या रेघेच्या पलीकडे राहिला. तक्रार करायला जागा नाही. नाकाओ पुढे होता, त्याचं पदक त्याच्या कष्टाचं. पण शोक तक्रारीवाचूनही असतो.

दुसऱ्या दिवशी, 22 ऑगस्टला, पालेम्बांगमध्ये आमच्याच राही सरनोबतने पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. कोल्हापूरने हलगी वाजवली, गुलाल उधळला, आणि उधळायलाच हवा होता. त्या आनंदात आदल्या दिवशीची संध्याकाळ वाहून गेली. चौथ्या क्रमांकाला आपल्याकडे फलक लागत नाहीत.

मग करोना आला. तलाव महिनोन् महिने बंद राहिले. धावणाऱ्याला गच्ची पुरते, मल्लाला घरात जोर-बैठका मारता येतात. पोहणाऱ्याला पाण्याला पर्याय नाही. 2020 च्या जूनमध्ये त्याने जाहीरपणे म्हटलं, की पोहायला मिळणार नसेल तर निवृत्तीचा विचार करावा लागेल. टोकियोला तो गेला नाही. त्याच्यामागून आलेले साजन प्रकाश आणि श्रीहरी नटराज थेट पात्रतेचा ‘अ’ वेळ देऊन गेले, असे ते पहिले भारतीय. त्यांच्या वाटेवरचा झाडझाडोरा कुणी तोडला, हे पोहणाऱ्यांना ठाऊक आहे.

शेवट गोव्यात झाला. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, पणजीचा कांपालचा तलाव. पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्याने जिंकलं आणि त्याच शर्यतीचं महिलांचं सुवर्ण त्याची पत्नी ऋजुता खाडे हिने. नवराबायको दोघंही देशात सर्वांत वेगवान, आणि त्याच मुहूर्तावर त्याने सांगितलं, आता पुरे. जिंकून थांबता आलं, हे त्याचं भाग्य. बत्तिसाव्या वर्षी, स्वतःच्याच शर्यतीत, पहिला. मला त्या बातमीचा आनंद झाला आणि त्याच क्षणी फार वाईटही वाटलं. बत्तिसाव्या वर्षीही ज्याला देशात कुणी मागे टाकू शकलं नाही, त्याची बाविशी आपण पाहिलीच नाही.

कोल्हापूरला हे दुःख जुनं आहे. 1952 ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला मल्ल खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकलं. खाशाबा कांस्य घेऊन आले, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, मग पोलिसांत फौजदार झाले. 14 ऑगस्ट 1984 ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणानंतर सोळा-सतरा वर्षांनी. महाराष्ट्राचं पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक यायला बहात्तर वर्षं लागली. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य मिळवलं. तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता, 2015 पासून. बढती पदकानंतर तातडीने आली.

आपण पदकानंतर देतो. पदकाच्या आधी जे लागतं ते एखाद्या खर्डेकरांच्या घरावर सोडतो.

आज या शहरातल्या एखाद्या तलावावर पहाटे पाच वाजता कुणी बारा-तेरा वर्षांचं पोरगं किंवा पोरगी ठोकळ्यावर उभी असेल. ती उद्या पदक आणेल, तिला नोकरी मिळेल, मिळावीच. माझी विनंती राज्य चालवणाऱ्यांना आहे आणि त्यांना निवडून देणाऱ्या आपल्यालाही आहे. त्या नेमणूकपत्राला दुसरं एक पत्र जोडा: पुढची दोन ऑलिंपिक होईपर्यंत सरावासाठी पूर्ण पगारी रजा मंजूर, हजेरी तलावावर. सातबारे, फेरफार आणि वाळूच्या गाड्या तिच्या तिसाव्या वर्षीही तिची वाट पाहत असतील.